गादीची घोंगडी

१५ सप्टेंबर २०२४

ठरलं! येत्या दिवाळी पाडव्याला आमच्या धनगर भावकीला पुन्हा कारभारी मिळणार. माझे वडील तात्या गेल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, गादी रिकामी. बैठक आमच्याच लिंबाखाली झाली. अणदूर, उमरगा, पार सोलापूरहून माणसं. सगळ्यांच्या तोंडी गौरीशंकरचं नाव — कोंडीरामकाकांचा नातू, उमरग्याला गॅरेज आहे त्याचं. दोन भावांचा बांधाचा तंटा त्यानं कोर्टात जाऊ दिला नाही. आमचे तात्या असेच होते.

योगीराजआप्पा तेवढे पुटपुटले, "ज्यांनी घोंगडी नेली त्यांच्याच घरात कारभार!"

जुनं दुखणं. तात्या वारले तेव्हा कारभाऱ्यानं बसायची घोंगडी घरात सापडली नाही. कोंडीरामकाकांनी नेली असा बोभाटा झाला. काकांनी हळदीचा भंडारा उचलून शपथेवर नाही म्हटलं, कुणी ऐकलं नाही. तिथूनच भावकी फुटली. आज गौरीशंकरनं मान खाली घातली. वाईट वाटलं.

२२ सप्टेंबर

नवी घोंगडी विणायची. रीत मी सांगितली — आता दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही! भावकीतल्या प्रत्येक घरानं मूठभर लोकर द्यायची. त्या सगळ्या लोकरीची मिळून एक घोंगडी. ज्या घराची लोकर तीत नाही, ते घर कारभाऱ्याचं नाही.

जुनी काय बोचायची! तात्या मला तिच्यावर बसवून शाळेतल्या कविता म्हणायला लावायचे. पिंढरीला खाज सुटायची, पण कडवं संपेपर्यंत हलायचं नाही. तात्यांना अक्षर वाचता यायचं नाही, पण चाल चुकली की डोळे उघडायचे.

६ ऑक्टोबर

लोकर जमतेय. मेंढरं आता थोड्याच घरी. कुणी सासुरवाडीहून मागून आणली. योगीराजआप्पांच्या सुनेनं बाजारातली स्वेटरची हिरवी लोकर धाडली! शरणप्पा विणकरानं ती उन्हात धरली न् म्हणाला, "येनप्पा, काय हो, ही मेंढी नुसता हिरवा चाराच खात होती का?" आप्पांचा चेहरा बघण्यासारखा!

पाडव्याला म्हणायची शपथ मी दिंडी वृत्तात बसवली. सुनेला, भुवनेश्वरीला, म्हणून दाखवली. ती म्हणते, "मामा, ह्यात शपथ कुठं हाय? सगळा चंद्रच हाय." चंद्राचं एक कडवं गाळलं.

१३ ऑक्टोबर

एक घर राहिलं. तुळजाबाईचं — माझी धाकटी बहीण, तामलवाडीला असते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तात्यांनीच, कारभारी या नात्यानं, तिला वाळीत टाकलं. त्यानंतर आमच्यातलं कुणी तिचा उंबरा चढलं नाही. मीही नाही.

आप्पांचं म्हणणं, ते घर मोजायचंच नाही. गौरीशंकर म्हणाला, "बाहेर टाकलं तरी घर आपलंच हाय. लोकर मागायला मी जातो." मग मलाही घरी बसवेना, सोबत गेलो.

तुळजानं चहा केला. माझ्या कपात साखर जास्त घातली, लहानपणीसारखी. ती एकटीच असते, दारात एक मेंढरू नाही. आमचं ऐकून घेतलं न् म्हणाली, "देते लोकर. पण माणूस वाळीत टाकायचा हक्क नव्या कारभाऱ्याला नसावा. तसं सगळ्यांनी भंडारा उचलून म्हणा, दादा. मग न्या."

लोकर आणणार कुठून, विचारलं. ती तिची काळजी म्हणाली.

१४ ऑक्टोबर

झोप नाही. मला सगळं तात्यांच्या वेळेसारखं हवं होतं — जसंच्या तसं. पण तात्यांच्या वेळचं म्हणजे हेही आलंच.

२० ऑक्टोबर

बैठक तापली. आप्पा म्हणाले, धाक गेला तर कारभारी कसला? गौरीशंकर म्हणाला, धाकानंच भावकी राहणार असेल तर मला गादी नको.

मी उठलो. कारभाऱ्याचा पोरगा मी, सुरुवात मीच करायला हवी. भंडाऱ्यात हात घातला. वृत्त, यमक, सगळं विसरलो. साधंच बोललो — आजपासून आपल्यातलं कुणी वाळीत न्हाय. मग एकेक उठला. आप्पा सर्वांत शेवटी. "कायद्यानं तसंबी बंदच हाय," असं कुरकुरत, पण उचलला! माझ्या तळहाताचा पिवळा रंग संध्याकाळी धुववला नाही.

२४ ऑक्टोबर

तुळजानं फडक्यात बांधून लोकर दिली. लोकर कसली — काळंभोर, कातलेलं, नागमोडी सूत. कशातून तरी उसवलेलं. शरणप्पा म्हणाला, जुनं हाय पण पक्कं हाय. त्यानं ते काठाला घेतलं.

२ नोव्हेंबर, पाडवा

हे बघायला मी जगलो! शिंगं रंगवलेली मेंढरं, ढोलांचा ठेका, गजी नाचाचा फेर. म्हाताऱ्यांना पावलं आठवली, पोरांनी ती उचलली. गौरीशंकर घोंगडीवर बसला तेव्हा उमरग्याच्या गॅरेजवाल्याचा चेहरा मला दिसलाच नाही, कारभारीच दिसला. तुळजा आमच्या ओळीत बसली होती. माझी शपथ अख्ख्या भावकीनं एका चालीत म्हटली —

काळी लोकर न् पांढरी मिळून,
एक आसन हे जाहले विणून!

चंद्र नव्हता, तरी छान झाली.

३ नोव्हेंबर, तामलवाडी

तुळजाला पोचवायला आलो. तिनं पेटी उघडली. आत तात्यांची घोंगडी. एक काठ उसवलेला.

"शेवटच्या थंडीत तात्या सोता आलते, दादा. उंबऱ्याबाहेरच बसले. ही माझ्या अंगावर टाकली न् गेले. कुणाला सांगू नको म्हणले."

कोंडीरामकाकांवर आळ आला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? आम्ही येतच नव्हतो.

आता एसटीत आहे. घरी न जाता सरळ उमरग्याला, गौरीशंकरकडं. घोंगडी मांडीवर घेतलीय. अजून बोचते.