काइमाईट नावाचा दगड

बॉन,
१४ नोव्हेंबर २००४

प्रिय शिरीष,

तुझी ईमेल पोचली. उत्तर मुद्दाम पोस्टाने पाठवतेय, कारण तू ईमेल ऑफिसात उघडतोस आणि मागे शेजारच्या टेबलावरचा श्रीधर वाचत उभा असतो. मी ठणठणीत आहे. तुझ्या आईंनी पाठवलेलं मेतकूट कस्टममधून सुखरूप सुटलं, त्यांना सांग.

आता गंमत ऐक. दीडशे वर्षांपूर्वी जुन्नरच्या डोंगरांत हिंडलेला माझा भूशास्त्रज्ञ, आउगुस्ट ब्रेमकाम्प, तुला पाठ झालाच असेल. त्याच्या खासगी वह्यांत एका हिरवट दगडाचं स्थानिक नाव आहे, 'काइमाईट'. आमचे प्रोफेसर हे खनिज कित्येक वर्षं शोधताहेत. मीही त्यांच्याच उच्चारात ते नाव घेत होते.

मंगळवारी मूळ पान प्रथमच हातात आलं. 'विहिरीवरच्या बाईला दगड दाखवून नाव विचारलं. ती म्हणाली, काइमाईट.' वाचनालयातच मला फिसकन हसू फुटलं. बाई म्हणाली होती, काय म्हाईत.

प्रोफेसरांना सांगणं मात्र सोपं नव्हतं. माझा प्रबंधच त्या दगडावर उभा होता. त्यांनी ती ओळ स्वतः मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "बाई खरंच बोलली होती. आम्हाला ऐकता आलं नाही." आणि सगळ्या वह्या संपादित करायचं काम त्यांनी मला दिलं, मराठी कळणारं माणूस हवंच म्हणून. तीन वर्षांची स्टेल्ले आहे, पगारी जागा. शुक्रवारी मी सही केली.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मेतकुटात वेळ काढला.

तू वर्षभर विचारतोयस, पुण्याला परत कधी येणार, आणि मी म्हणतेय, काय माहीत. तू त्याचा अर्थ 'लवकरच' असा लावलास, कोथरूडला फ्लॅट बघितलास, आईंनी मुहूर्त काढले. मला राग नाही आला, गहिवरूनच आलं. पण मीही त्या बाईसारखी खरंच बोलत होते.

आता माहीत आहे. मी परत येत नाही. तू मला हवा आहेस, पण इथे. तुझ्या कामाच्या जागा बॉनमध्ये आहेत, मी चौकशी केलीय.

येशील का? 'हो' लिही किंवा 'नाही' लिही, दोन्ही मला नीट वाचता येतं. तिसरं काही लिहिलंस तर मी त्याला खनिज समजून जन्मभर शोधत बसेन.

वाट बघणारी, पण इथूनच,
तुझी
ऊर्जा