भिडू नसलेला डाव

९ ऑक्टोबर

आता ओट्यावर पाय ठेवणार नाही. संध्याकाळी सवयीने चप्पल घातली होती, ती काढून ठेवली. रुखमाने पाहिलं, पण काही बोलली नाही. बायको गप्प राहिली की समजावं, तिचं मत आधीच ठरलेलं आहे.

काल जे झालं त्यात माझं काय चुकलं? सचिनच्या पानठेल्यासमोरचा ओटा, दहला पकड, म्हणजे दश्श्या जिंकायचा डाव; मी आणि भुपेंद्र भिडू. चिखल्याच्या खदानीत एका शिफ्टला होतो तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसतो. रिटायर झालो तरी जागा बदलली नाही. काल हुकूम बदामाचा होता. शेवटचा दहला खाली पडलेला, इस्पिकचा. भुपेंद्रकडे इस्पिक नव्हतं. फक्त एक बदाम टाकायचा की दहला आमचा. त्याने टाकली चौकट! आणि पुढच्याच हाताला त्याच्याकडून बदामाची सत्ती निघाली. म्हणजे हातात होती!

मी पत्ते फेकले. म्हणालो, "डोस्क्यात दगड भरले काय बे तुह्या? घरी जाऊन लेकरांसंग खेळ." सगळे हसले. भुपेंद्र उठला आणि निघून गेला. वर मी आणखी ओरडलो — "मले भिडूच नाही पाहिजे!"

बोललो ते बोललो. आता खरं करून दाखवायचं.

१० ऑक्टोबर

तृप्तीला फोन केला. आमची मुलगी, तुमसरला राइस मिलच्या ऑफिसात असते. विचारलं, पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव असतो का. "असते ना बाबा, सॉलिटेअर. मोबाइलात टाकून देऊ काय?" नको म्हटलं. पत्ता बोटाला लागला पाहिजे.

मग तिने सांगितलं आणि मी ऐकत गेलो. सात ढीग. पहिल्यात एक पत्ता, दुसऱ्यात दोन, असं सातव्यात सात. प्रत्येकाचा वरचा तेवढा उघडा. ढिगावर काळ्यावर लाल, लालवर काळा, उतरत जायचं. उरलेल्या पत्त्यांतून एकेक काढत बसायचं. एक्का निघाला की तो वर वेगळा मांडायचा आणि बदामावर बदाम, चौकटीवर चौकट असं राजापर्यंत चढवायचं. चारही राजे वर बसले की डाव सुटला.

ठरवलं. पत्ता न चोरता एक डाव सोडवीन, तोपर्यंत ओट्याकडे फिरकणार नाही. सुटला की जाईन आणि सगळ्यांना ऐकवीन.

११ ऑक्टोबर

पत्ते पिसले आणि वाटायला लागलो — चार जागी! हात ऐकतच नाही. समोर भुपेंद्रचे तेरा पत्ते पडले तेव्हा लक्षात आलं. गोळा केले, पुन्हा पिसले.

दुसरी अडचण एक्क्याची. दहला पकडीत एक्का सगळ्यांचा बाप. इथे तो सगळ्यात खाली आणि दुर्री त्याच्या डोक्यावर! मी राजावर एक्का ठेवून खूश झालो होतो. रुखमा तिकडे पालक निवडत होती. "उलटं हाय वो थे. तृप्तीनं काय सांगतलं तुमाले?" फोनवरचं सगळं ऐकत होती तर.

१२ ऑक्टोबर

सुटला नाही. उद्या.

१४ ऑक्टोबर

या डावात एक मोठी खोट आहे. ओरडायला कोणी नाही. आज काळी नव्वी दिसत असून मी भलतीच हलवली आणि डाव अडकला. चिडून मान वर केली तर समोर भिंत. तिलाच दोन शिव्या हासडल्या.

रुखमा म्हणाली, "आता भिंतीले बी घरी पाठवता काय?"

तिला हसू येत होतं. मला आलं नाही. थोडं आलं.

१६ ऑक्टोबर

ओट्यावरचा टिकाराम आला होता. चहा प्यायला, पण आला होता बातमी सांगायला. त्या दिवसापासून भुपेंद्रही ओट्यावर गेला नाही म्हणे. आणि — "थो दिघोरीले जाऊन राहिला. भावाकडं. मंडई झाली का निंगते. कायमचाच."

"जाऊ दे," म्हणालो.

टिकाराम गेला आणि मी पत्ते मांडले, पण एकही धड ठेवता आला नाही. दिघोरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. उषावहिनी गेल्यावरसुद्धा भुपेंद्रने इथलं घर सोडलं नव्हतं, एकटाच राहत होता, आणि आता एका पत्त्यापायी गाव सोडतो? एवढा हळवा तो कधीच नव्हता. खदानीत सुपरवायझरच्या शिव्या खाऊन डबा उघडून बसायचा.

म्हणजे डाव मंडईच्या, दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, आत सुटलाच पाहिजे. नाहीतर ऐकवायचं कोणाला?

रुखमा म्हणते, "सपथ तुमीच घेतली, तुमीच मोडा. जा न् भेटून या." मोडणार नाही. सोडवूनच जाईन.

१८ ऑक्टोबर

आज जवळजवळ आला होता! तीन एक्के वर, ढीग मोकळे होत होते. किलवरचा एक्का तेवढा कुठेतरी खाली दबून बसलेला. एका उपड्या पत्त्याचा कोपरा जरासा उचलला, फक्त बघायला.

"टिकारामले सांगीन," चुलीपासून आवाज आला.

कोपरा खाली ठेवला. डाव गेला. पण चोरून सुटला असता तर मलाच पटलं नसतं.

२० ऑक्टोबर

दिवाळीच्या आवराआवरीत माझा चष्मा गादीखाली गेला आणि त्यावर मीच बसलो. काडी तुटली, काचांनाही तडे गेले. तृप्ती उद्या-परवा येईल, ती दुरुस्त करून आणते म्हणाली. थांबायला वेळ कुठे आहे? तसाच खेळायला बसलो.

आणि काय डाव पडला! भराभर पत्ते वर चढत होते. म्हटलं, आज होतंय. मग एकदम सगळं थांबलं. चौकटीची सत्ती कुठेच दिसेना. सगळे पत्ते उचलून अंगणात उन्हाला नेले, डोळ्यांजवळ धरून एकेक पाहिला. चौकटीची सत्ती बदामाच्या ढिगात बसलेली. मीच ठेवली होती. लाल दिसली, ठेवून दिली.

लाल दिसली, ठेवून दिली.

मी तिथेच अंगणात बसून राहिलो. भुपेंद्रनेही त्या दिवशी तेच केलं. आणि मग एकेक आठवायला लागलं. स्टँडवर गाडी समोर उभी असताना "कोणती हाय गा?" विचारायचा. पत्ते नाकाजवळ धरायचा. मी म्हणायचो, वास घेतो काय बे? गेल्या महिन्यात चहाचा कप ओट्याच्या काठावर ठेवला तो खालीच गेला. तेव्हाही मीच हसलो होतो.

त्याच्या हातात बदाम होता हे खरं आहे. त्याला तो दिसला नाही हेही खरं आहे. मला माझीच लाज वाटते आहे.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सकाळी डाव मांडला आणि अर्ध्यावर सोडून उठलो. शपथ गेली खड्ड्यात.

भुपेंद्र घराच्या सपरीत, पुढच्या पडवीत, बसला होता. मी चार हातांवर उभा.

"कोण?"

"मी."

आवाजावरून ओळखलं. "बस गा टेकचंद."

मी आडून विचारत नाही, मला ते जमत नाही. "डोळ्याले कधीपासून कमी दिसते?"

त्याने बाजूची जागा चाचपून मोकळी केली. मग म्हणाला, "उन्हाळ्यापासून. काचबिंदू हाय म्हंते डाक्टर. गेलं थे वापस येत नाही. राहिलं थे औषधीनं टिकंन, तं टिकंन. लाल-काळा समजते. बदाम का चौकट, थे नाही समजत."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं ओट्यावर बसू देल्लं असतं काय मले? आंधळ्याले भिडू कोण करते?"

"मी केलं असतं."

तो हसला. "तू तं डोळस माणसाले टिकू देत नाही."

मी माफी मागितली. काय शब्द बोललो आठवत नाही, पण मागितली. तो म्हणाला, झालं ते जाऊ दे. पण दिघोरीला जाणं काही रद्द होत नाही. चूल पेटवताना परवा हात भाजला त्याचा, पट्टी होती. तिकडे भावाच्या घरी दोन वेळचं ताट मिळेल. "सगळं बराबर हाय," म्हणाला. "फक्त संध्याकाळी पाच वाजता तिकडं काय करू, थे समजत नाही मले."

२२ ऑक्टोबर

आज गायगोधन, गावात सजवलेल्या गाईंमागे गलका आहे, मी घरात सुई घेऊन बसलो आहे. तृप्ती पत्त्यांचा नवा कॅट घेऊन आली. मला चष्मा नाही, म्हणून ती पत्ता सांगते आणि मी टोचतो. बदामाच्या प्रत्येक पत्त्याला मागून कोपऱ्यात एक टोचा, वरून बोटाला उंचवटा लागेल असा. चौकटीला दोन. काळ्यांतही तसंच, किलवरला एक, इस्पिकला दोन. अंक मोठे आहेत, ते त्याला जवळ धरून वाचता येतात.

ओट्यावर कोणी असा कॅट आणला असता तर मीच त्याची कॉलर धरली असती.

रुखमाने डोळे मिटून एक पत्ता चाचपला. "चौकट." बरोबर होतं.

२४ ऑक्टोबर

भुपेंद्रला शिकवतो आहे. त्याच्या सपरीत, सतरंजीवर.

पहिल्यांदा वाटायला दिले तर त्यानेही चार जागी वाटले. मी हसलो नाही. एक्का राजावर ठेवला, तेव्हा मात्र दोघंही हसलो. खूप सावकाश खेळतो. प्रत्येक पत्त्यावरून अंगठा फिरवतो, थांबतो, मग ठेवतो. माझ्या जिभेवर दहा वेळा आलं, अरे ती काळी अठ्ठी तिकडे ने! गिळलं. एकदा सुटलंच तोंडातून. तर म्हणतो, "एकट्याचा डाव हाय ना गा? मंग तू चूप बस."

२७ ऑक्टोबर

मंडई झाली. रात्रभर नाटक चाललं म्हणे, आम्ही दोघंही गेलो नाही. सकाळच्या गाडीला त्याला बसवलं. कॅट शर्टाच्या वरच्या खिशात होता, गाडी सुटेपर्यंत त्याने त्यावरचा हात काढला नाही. मी खिडकीशी उभा राहून औषधाच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगत होतो, कारण दुसरं काही बोलायला गेलो असतो तर रडलो असतो.

संध्याकाळी ओट्यावर गेलो. टिकाराम म्हणाला, "बस, चौथा नाही भेटून राहिला." भिडू म्हणून सचिन समोर बसला. हुकूम हातात असून भलताच पत्ता टाकला त्याने. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"होते असं," म्हणालो.

३१ ऑक्टोबर

रोज दुपारी एकदा मांडतो. चष्मा आला आहे. तरी सुटत नाही. सोडणार नाही.

५ नोव्हेंबर

दिघोरीहून भुपेंद्रचा फोन. "सुटला गा." मी विचारलं, चारही राजे वर? म्हणाला, "बोट फिरवून पाह्यलं ना."

माझा अजून एकदाही सुटलेला नाही.