कंपनीचं घर पाहायला या, मामा

मसोली, बुधवार

तीर्थरूप शांताराममामांच्या चरणी,

भाचा ललितचा दंडवत. रानशेतला सगळे धडधाकट असतील, मामीचा गुडघा आता वाडीत चिकू तोडणाऱ्यांच्या मागे फिरण्याइतका बरा असेल, आणि तुम्ही सभेत झोपण्याइतके स्वस्थ असाल, अशी आशा करतो. माझ्या भाषणात पहिल्या रांगेत बसून झोपणारे तुम्ही एकटेच. मी त्याचं कधी वाईट मानलं नाही (कैनाडला घोरलात तेव्हा सोडून).

मामा, मी घाबरलो आहे. कॉलेजातली माझी तासांवरची नोकरी सुटली हे तुम्हाला ठाऊक आहेच.  जयमाला नुसती भाकरी थापते, पण थापण्याचा आवाज वाढला आहे. शेवटी तिनेच तलासरीच्या एका कंपनीची वेबसाइट मोबाइलवर उघडून माझ्यापुढे ठेवली. कामगारांशी बोलणारा अधिकारी हवा आहे म्हणे. ती म्हणाली, "नुसतं बोलायचं काम आहे. ते तर तुम्ही फुकट करता."

वीस वर्षं मी व्यासपीठावर उभा आहे. माणसाला कसं हलवायचं हे मला कळतं, म्हणून ती वेबसाइट मी एकेक ओळ तपासत वाचली. पहिलंच वाक्य प्रश्नाचं: 'तुम्ही बदल घडवायला तयार आहात का?' याला नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचा आहे. (हा प्रश्न मी स्वतः डहाणूच्या चौकात विचारला आहे. हात वर झाले, बदल झाला नाही.) खाली पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं हसताहेत, मागे बर्फाचे डोंगर. तलासरीला बर्फ मिळतो तो मासळीच्या टेम्पोत. मग संस्थापकांची गोष्ट: पत्र्याची शेड, एक यंत्र, आईचा आशीर्वाद. मी पाघळलो. पाघळतोय हे कळत असूनही पाघळलो, तेव्हा खरी भीती वाटली.

पुढे 'आपण', 'आपलं कुटुंब', 'आपलं स्वप्न'. अजून अर्जही केला नाही आणि मी यांचा झालो. पगार 'आकर्षक', पण किती ते नाही. कामाचे तास 'लवचीक', पण कोणी वाकायचं ते नाही. सुट्टीबद्दल अक्षर नाही, सूर्योदयाचे फोटो मात्र तीन. एवढ्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली: 'नमस्कार ललित, अजून विचार करताय?' मामा, मी मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. (नाव तिथे जयमालानेच भरलं होतं; मोबाइल बाहेर काढताना तिने जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

माणसाचा विचार पुरा व्हायच्या आत त्याच्याकडून होकार काढून घेणं ही लबाडी आहे, आणि लबाडीपुढे मी मान तुकवणार नाही. मी जाणार नाही. हा निर्णय पक्का समजावा.

आपला,
ललित

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि मध्यंतरी मी जाऊन आलो. जयमालाने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. तो खुंटीवर बघवेना. मुलाखतीत साहेब म्हणाले, कंपनीविषयी दोन शब्द बोला. मामा, मला दोन शब्द कधी जमले आहेत? वेबसाइट पाठच झाली होती. मी पेटलो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, चहा आणणारी बाई कपासकट थांबली. सोमवारी रुजू व्हायचं आहे.

ता. क. दुसरा. काल वेबसाइटवर नवं वाक्य दिसलं: 'इथे माणूस पाहुणा म्हणून येतो आणि घरचा होतो.' वाचून डोळे भरून आले. पुसले, तेव्हा आठवलं की मुलाखतीत हे मीच बोललो होतो. तेव्हापासून झोप नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं कारण हेच. माझं लग्न ठरताना आपल्या रीतीप्रमाणे तुम्ही न कळवता इथे मसोलीला आला होतात, जयमालाच्या माहेरासमोर पानाच्या टपरीवर बसला होतात. परत येऊन म्हणालात, "त्या घरातून निघणारा माणूस उंबऱ्यावरून मागं वळून काहीतरी बोलतो. सोयरीक कर." बाकी काही विचारलं नव्हतंत, आणि चुकलाही नव्हतात. कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. रविवारपर्यंत एकदा या, पाळी सुटताना तिथे बसा, आणि बाहेर पडणारी माणसं मागं वळून बोलतात की नुसती पळतात, तेवढं मला सांगा. मी स्वतः बसलो असतो, पण मी भाषण ऐकून बसलो आहे, तेही माझंच. आपल्या घराण्यात त्यातून झोपून सुटलेले तुम्ही एकटेच.