पहिली कॅसेट

आदिलाबाद,
डिसेंबर १९९९

प्रिय चिंतू,

आईचे आशीर्वाद आधी घे आणि मग खोलीतल्या पोरांपासून लांब जाऊन हे पत्र वाच. त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. तुझ्या आईची चारचौघींत पार शोभा झाली आहे, आणि ती कशी झाली हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचंही नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुझं नि बाबांचं वाजलं, ते काही मी विसरले नाही. कापसाच्या जिनिंगमधून दमून आलेला माणूस, केसांत अजून रुई तशीच, आणि तू ती विलायती कॅसेट मोठ्याने लावून बसलेला. बाबा एवढंच म्हणाले, "दिवसभर हेच आयकून येतो ना बाप्पा, घरी बी हेच काऊन?" तू म्हणालास, तुम्हाला काय कळतं यातलं. मग सगळंच निघालं, फिटरची नोकरी, तुझी फी, तुझे केस. तू तसाच हैद्राबादला निघून गेलास. जोडीतली दुसरी कॅसेट हाताशी होती ती घेऊन गेलास आणि पहिली टेपमध्येच राहिली. फेब्रुवारीत बाबांच्या दिवसांना आलास तेव्हाही तू त्या टेपकडे बघितलं नाहीस. मी बघत होते तुझ्याकडे. तू रडला नाहीस. मीही नाही.

माझ्या न रडण्याची तर गावभर चर्चा होती. जी येई ती एखादी भजनाची कॅसेट ठेवून जाई, ऐका म्हणजे मन मोकळं होईल म्हणून. समोरच्या द्वारकाबाईने तर तोंडावरच सुनावलं, "नवरा गेला अन् बाईच्या डोळ्याले टिपूस नाही!" मी काय करू? देवळात भजनं ऐकायची, मान डोलवायची, आणि आत सगळं कोरडं ठणठणीत.

त्या कॅसेटी तशाच पडून होत्या; आषाढात एकदा त्यातली एक लावायला गेले तर आत तुझी. म्हटलं, बघू तरी, कशापायी बापलेकांनी घर डोक्यावर घेतलं ते. शेजारी ऐकू जायला नको म्हणून तुझी ती कानात घालायची बोंडं घातली. पहिल्यांदा तर मी घाबरून ती उपसूनच काढली. पत्रे बडवल्यासारखा आवाज, आणि त्याखाली एक माणूस कुजबुजतो आहे, जसा दाराआडून. दुसऱ्या दिवशी परत लावली. तिसऱ्या दिवशी मी दुपारची वाट बघायला लागले. तुला हसू येईल, पण खरं तेच सांगते आहे.

त्यातलं इंग्रजी मला एक अक्षर कळत नाही. गाण्यांना मी माझी नावं ठेवली आहेत. एक कुजबुजीचं, एक पट्ट्याचं, पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटावा तसं. पट्ट्याच्या गाण्यात आधी एकच ठोका लागतो, बराच वेळ तेवढाच. मग त्यावर दुसरं यंत्र चढतं, मग तिसरं, आणि सगळं अंगावर येतंय म्हणेस्तोवर मधोमध पियानोचे चार बारीक सूर. इतक्या गदारोळात ते ऐकू कसे येतात, हे मला अजून उमगलेलं नाही. तो माणूस ओरडतो तेव्हा रागाने ओरडतो असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, आवाज एवढा आहे की ओरडल्याशिवाय त्याचं कुणाला ऐकूच जाणार नाही. बाबा घरी आल्यावरही मोठ्याने बोलायचे, तसंच. एवढं काळंकुट्ट काम, तेही दोन कॅसेटी भरून, कुणी उगीच करत नाही रे. त्याच्या पोटात काहीतरी आहे आणि ते त्याने कुठेही गोड करून सांगितलेलं नाही. आम्हा बायकांना सगळं गोड करूनच सांगायची सवय.

पण लाज वाटायची. नवरा जाऊन वर्ष व्हायचं आहे, डोक्याचे केस पांढरे, आणि ही बाई काय ऐकते? जयवंताआत्याने एकदा मला डोळे मिटून बसलेली पाहिलं आणि विचारलं, काय आयकून राह्यली वो? माझ्या तोंडून निघून गेलं, हरिपाठ. झालं! आत्याने ते आळीभर केलं. सुभद्रेला नामाची गोडी लागली, म्हणे. द्वारकाबाई माझ्या पाया पडून गेली, ही तीच द्वारकाबाई. आणि मी आशीर्वाद दिला. आता याला काय म्हणायचं?

परवाच्या एकादशीला ते फेडावं लागलं. आत्याने भजनाच्या बायका इथे आपल्याकडेच बोलावल्या. मी आत शेंगदाण्याचा कूट करत होते. आत्या म्हणाली, एकटीच आयकते, आज आमाले बी आयकू दे, आणि तिने बोंडांची वायर ओढून काढली नि बटण दाबलं. मी कूट तसाच टाकून धावले. तोवर पट्ट्याचं गाणं घरभर झालं होतं. एकीने कानांवर हात ठेवले, द्वारकाबाई "हे कोणाचं नाम होय वो माय?" म्हणत चप्पल शोधायला लागली. मला जमीन दुभंगावी असं झालं. मी बंद करायला वाकले, तर आत्याने माझा हात धरला. ती टेपकडे बघत होती. आपल्या घरामागे जिनिंग चालूच होतं, सध्या हंगाम आहे, तलमडुगुच्या कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागतात. आत्याने हळूच भावाचं नाव घेतलं, "हे तं आपल्या केशवच्या मशिनीवानी वाजून राह्यलं."

आणि मी रडले, चिंतू. त्या बायकांसमोर, त्या गोंगाटात, पदर तोंडात कोंबून. दहा महिन्यांचं सगळं निघालं. बाबांनी त्या दिवाळीत हेच तर सांगितलं होतं. अख्ख्या गावात त्या गाण्याची ओळख एकट्या त्यांना पटली होती, आणि तू नि मी त्याला अडाणीपणा समजलो. तू बोललास ते बोललास, पण मी सुद्धा मनात तुझ्याच बाजूने होते. ते त्यांना कळलं असेल का, ते आता कुणाला विचारू?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ती कॅसेट संपते कशी, ठाऊक आहे ना तुला? सगळी यंत्रं ऐन भरात असताना एकदम थांबतात. पुढे नुसती रिकामी फीत फिरते. बाबा मशीनवरच गेले त्या दुपारी जिनिंग असंच थांबलं होतं, भोंगा व्हायच्या आधी. सगळे म्हणतात, बायकोला मनोमन कळतं. मला काही कळलं नाही. मला आनंद झाला. म्हटलं, आज लवकर सुटले, आणि मी चहाचं आधण ठेवलं. लोक धावत सांगायला आले तेव्हा मी आलं किसत होते. हे मी आत्यालाही सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून दुपारचा चहा मला जात नाही, आणि आत्या सगळ्यांना सांगते की सुभद्रेने व्रत धरलं आहे. रोज ती कॅसेट मी शेवटपर्यंत ऐकते आणि रोज त्या जागी येऊन अडकते. वर्षश्राद्धाला तू यायचं टाळणार आहेस, हे तुझ्या न येणाऱ्या पत्रांवरून मला समजलं आहे. टाळू नकोस. ये, आणि ती दुसरी कॅसेट घेऊन ये. त्या थांबण्यानंतर मशीन पुन्हा सुरू होतं का, ते मला ऐकायचं आहे, आणि आत्यालाही. आपण दुपारीच लावू. चहा तू ठेव.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई