आपल्याला उघडता येईल अशी यादी

सर, सोमवारी समितीपुढे ग्रंथालयासाठी नवं सॉफ्टवेअर सुचवायचं आहे आणि मला भीती वाटते. पहिल्या वेळी, आताचं जुनं सॉफ्टवेअर घेताना, हट्ट माझा होता. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवत होता, तुम्ही ग्रंथपाल, मी तुमच्या शेजारी नवी सहायक म्हणून बसले होते. तुम्ही एकच विचारलंत, "आमची यादी आम्हाला बाहेर काढता येईल ना?" तो हसला. "सर, बाहेर कशाला काढायची? आत सेफ आहे." मीही हसले. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हसायला काय झालं? कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, पुस्तकं त्याची."

आता त्या विक्रेत्याचं तुर्भ्याचं ऑफिस बंद आहे, फोन लागत नाही. आपला जुना संगणक मधेच बंद पडतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता तो पुन्हा सुरू होणारच नाही. गेल्या आठवड्यात एका इंजिनिअरने पासवर्डचं कुलूप फोडून डेटाबेस, म्हणजे आत साठवलेली आपली यादी, उघडला. पडद्यावर कंस, टक्के, उद्गारचिन्हं, तुटकी इंग्रजी अक्षरं. "मॅडम, हे मराठी आहे?" मराठीच होतं. आपण सगळी नावं त्या विक्रेत्याच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट नसला की एकही नाव वाचता येत नाही. पुस्तकं फळीवर आहेत, पण कुठलं कुणाकडे गेलंय, कुणी भेट दिलंय, हे त्या चिन्हांत अडकलंय.

दोन सॉफ्टवेअर पाहिली. एकाचा माणूस म्हणतो, "डेटाबेस उघडायची वेळच येणार नाही." दुसऱ्याचा डेटाबेस आपल्याला हवा तेव्हा उघडता येतो. मी त्यात दहा पुस्तकं भरली, यादी बाहेर काढली, घरच्या संगणकावर उघडली. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं जागेवर. तरी झोप नाही. तो डेटाबेस सांभाळायचा आपणच, आणि उद्या मीच काही चुकीचं पुसलं तर? उघडा डेटाबेस म्हणजे आपल्याला उघडता येणारा, कुणालाही वाचकाच्या नोंदींचं पान चाळता येणारा नव्हे, हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावते.

समितीच्या अध्यक्षांना सांगायला घरी गेले, तर ते दिवाळे गावाहून आलेले बोंबील निवडत अंगणात बसले होते. "आमाला त्यातलं काय कलतंय, मॅडम? तुमी सांगाल ती पूर्व." वहिनी आतून म्हणाल्या, "यांना पूर्व तरी कुठं कलते!" सगळे हसले. मला धडकी भरली. तुमच्यासारखा प्रश्न विचारणारं आता तिथे कुणीच नाही.

टिपण तयार आहे. जुनं सॉफ्टवेअर कसं घेतलं, या ओळीत मी लिहिलंय, 'तत्कालीन ग्रंथपालांच्या शिफारशीने'. कागदावर सही तुमचीच आहे, हे खरं. पण ती तुम्ही दोन दिवस करत नव्हतात, आणि तिसऱ्या दिवशी मी रडवेली झाले म्हणून केलीत. ती ओळ मी अजून बदललेली नाही.