कॅसेटमधलं उभं भात

मी, निशिमोरी तोकिए, दिवंगत शोझो निशिमोरी यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ओबानाझावा, यामागाता प्रांत, आज नोटरीसाहेबांसमोर बसून माझी शेवटची इच्छा सांगते आहे आणि साहेब ती माझ्याच शब्दांत उतरवून घेत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. साहेबांनी आजची तारीख विचारली ती मी सांगितली, मुलाचं नाव विचारलं तेही सांगितलं. गुडघे गेलेत, पण मृत्युपत्र काही गुडघ्यांनी करत नाहीत. कोणाच्या दडपणाखाली मी हे करत नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारे एकच गृहस्थ होते, ते दहा वर्षांपूर्वी गेले.

कलम पहिलं. राहतं घर, मागच्या पडवीसकट, माझा मुलगा नोबुहिको याला द्यावं. तो सेन्दाईला असतो आणि घर विकणार हे मला ठाऊक आहे. विको बापडा. पण विकेपर्यंत दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ त्याने स्वतः येऊन उतरवावा आणि तो अराकीबाईंच्या अंगणात लोटू नये. एकदा लोटला होता, तेव्हापासून बाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

कलम दुसरं. बँकेत जे असेल त्यातून आधी माझं क्रियाकर्म उरकावं, उरेल ते नोबुहिकोचं. थडग्याला नवा दगड घेऊ नये. यांच्या दगडावर यांच्या शेजारी माझंही नाव तेव्हाच कोरून घेतलंय, जिवंत माणसाचं म्हणून लाल रंगात. तो लाल रंग तेवढा पुसावा, म्हणजे काम झालं.

कलम तिसरं. पडवीतले दोन विळे, कुदळ आणि चिखलणीचं दाताळं हेही नोबुहिकोला. गंजलेले नाहीत, दर वसंतात मी तेल लावते. ही अवजारं सागिदाची. सागिदा म्हणजे बगळ्यांचं खाचर, आमचं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात चांगलं. गावाबाहेरून जाणारा मोठा रस्ता आला तेव्हा ते त्यात गेलं. कागद नोबुहिकोने आणले होते आणि इतर सगळ्यांनी आधीच सह्या केल्या होत्या, तेव्हा यांनीही केली. मी मुलाला दोष देत नाही. म्हणजे देते, पण तो मृत्युपत्रात घालण्याजोगा नाही.

रस्ता झाल्यावर हे वर्षभर खिडकीशी बसून होते. मग एक दिवस बाजारातून हातात मावणारा व्हिडिओ गेम घेऊन आले, त्यात शेतीच्या खेळाची कॅसेट. मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. खेळात पडीक जमीन मिळते, ती साफ करायची, पेरायची, पाणी द्यायचं, गाय घ्यायची. ऋतू बदलला की शेतात उभं असेल ते सगळं मरतं, म्हणून ऋतूच्या शेवटच्या दिवसाआधी कापून घ्यायचं. यांनी त्या शेताला नाव दिलं सागिदा. मी म्हटलं, "खरं गेलं आणि आता चित्रातलं नांगरताय?" हे म्हणाले, "यावरून रस्ता कोण काढतंय बघू."

त्यानंतर अठरा वर्षं ते शेत चाललं. गायींना आमच्या मेलेल्या गायींची नावं होती.

कलम चौथं. हे गेल्यावर मी स्वतः खेळायला शिकले आणि शेतीचे जुने खेळ मिळतील तिथून गोळा केले. टीव्हीला जोडायचे, हातातले, खोके फाटलेले, खोकेच नसलेले, सगळे. दरवर्षी एकेक काढून पुन्हा पहिल्या वसंतापासून खेळते. नवे खेळ मला आवडत नाहीत, त्यात शेजारीपाजारी फार बोलतात. हा सगळा संग्रह, यंत्रांसकट, गावच्या वाचनालयाला द्यावा. काचेच्या कपाटात ठेवू नये. खेळायला द्यावा, बटणं झिजली तरी चालतील. सूनबाई याला प्लास्टिकचा कचरा म्हणतात. त्यांना यातलं काही देऊ नये, त्यांचं घर अगदी स्वच्छ आहे.

यातून एक राखाडी कॅसेट वगळली आहे. तिच्यासाठी पुढचं कलम. ते मी कच्च्या मसुद्यात घातलं नव्हतं, तोंडानेच सांगायचं होतं.

कलम पाचवं. राखाडी कॅसेट ही यांची, पहिली. असल्या कॅसेटच्या पोटात घड्याळाच्या सेलसारखा एक छोटा सेल डाग देऊन बसवलेला असतो, आणि खेळणाऱ्याचं शेत त्या सेलवर जिवंत राहतं. सेल काढला की शेत गेलं. हे दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या गावातले जुन्या खेळांचे दुकानदार, श्री. कुरामोची इवाओ, भेटायला आले. यांचे जिवलग मित्र. दर शरदात नदीकाठी अळकुड्यांचा रस्सा दोघे मिळून शिजवायचे आणि त्यात किती सोया सॉस घालायचा यावरून भांडायचे. कुरामोचींनी कॅसेट पाहिली, सेल जुना झालाय म्हणाले, आणि मित्राला भेट म्हणून कोणालाही न विचारता घरी नेऊन नवा बसवून, घासूनपुसून आणून दिली. दुकानात विकायला आलेली प्रत्येक कॅसेट ते अशीच कोरी करायचे. हात सवयीने चालला.

यांनी खेळ लावला. पडद्यावर आलं, "शेताला नाव द्या." अठरा वर्षांचं सागिदा गेलं होतं. हे ओरडले नाहीत. सलाइन लावलेल्या हाताने एकेक अक्षर शोधून पुन्हा सागिदा लिहिलं आणि पहिल्या वसंतापासून नांगरायला घेतलं. ओरडले मी. कुरामोचींना सांगितलं, पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नका. त्यांनी टाकलं नाही. अंत्यविधीला रस्त्यापलीकडे उभे राहिले.

हे खेळातल्या शरदाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचले. भात पिकून उभं आहे. त्या संध्याकाळी दमले, दिवस न संपवता तसंच जपून ठेवलं आणि म्हणाले, "सकाळी कापतो." सकाळ त्यांना मिळाली नाही. दरवर्षी त्यांच्या तिथीला मी ती कॅसेट लावते, बांधावरून एक चक्कर मारते आणि काही न करता बंद करते. कापलं तर यांचं काम संपतं, खेळात झोपून दिवस संपवला तर हिवाळा येऊन भात मरतं. मला दोन्ही जमत नाही.

आता तोही सेल म्हातारा झाला. त्याच सुमारास सेल बदललेल्या माझ्या दोन कॅसेट या उन्हाळ्यात कोऱ्या निघाल्या. सागिदा आता कधीही जाईल.

कुरामोचींच्या दुकानातून मी माहेरच्या नावाने टपालाने खेळ मागवत आले. मला वाटायचं त्यांना कळत नाही. प्रत्येक शेतीच्या कॅसेटवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी असायची: "आत आधीच्या माणसाचं शेत आहे. पुसलेलं नाही." बाहेरून दुसऱ्या सेलचा प्रवाह चालू ठेवून आतला बदलायचा, म्हणजे शेत टिकतं, हे काम ते शिकले. कशामुळे शिकले हे मला कोणी सांगायला नको. दहा वर्षं मी त्यांच्यावर रागावले आणि तो राग रास्त होता. पण हे काम करू शकणारे हात माझ्या ओळखीत तेवढेच आहेत.

म्हणून राखाडी कॅसेट मी श्री. कुरामोची इवाओ यांना देते, आणि माझ्या मरणाची वाट न बघता आजच देते. त्यांनी सेल बदलावा. शेत टिकलं तर त्यांनी भात कापावं, नदीकाठी अळकुड्या शिजवाव्यात आणि एक वाटी देव्हाऱ्यातल्या यांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवावी. सोया सॉस यांच्या मापाने घालावा.

हे कलम मी सांगत होते तेव्हा कुरामोची याच खोलीत होते. दहा वर्षांनी मीच फोन करून त्यांना साक्षीला बोलावलं होतं. नोटरीसाहेबांनी लेखणी थांबवली आणि म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, यांना बाहेर बसावं लागेल. मला तो नियम माहीत नव्हता. कुरामोची उठले. कॅसेट मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली.

"वहिनी, माझ्याकडून पुन्हा गेलं तर?"

"तर पहिल्या वसंतापासून नांगरा," मी म्हटलं. "शेताचं नाव तुम्हाला माहीत आहे."

ते दाराबाहेर जाऊन बसले. साहेबांनी विचारलं, हे बोलणंही लिहायचं का. मी म्हटलं, हेच लिहा.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझाच आहे, त्यात खाडाखोड नाही.

निशिमोरी तोकिए (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. अराकी फुसा, शेजारीण (सही व शिक्का). बर्फाचं कलम ऐकून हसल्या.
२. ताकेझावा र्‍योकिची, खालच्या मजल्यावरचे चहाविक्रेते, ऐनवेळी बोलावलेले (सही व शिक्का)

स्थळ: नोटरी कचेरी, शिंजो
दिनांक: २६ ऑक्टोबर, रेइवा सहावे वर्ष (२०२४)