गंजाचे ठसे

ती. आईस वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

वाळत घालायच्या तारेचा गंज परकराला लागला की तू घर डोक्यावर घ्यायचीस. इथे कापडकामाच्या वर्गात आम्ही मुद्दाम तोच उद्योग करतो! व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडात खिळे, साखळ्या गुंडाळून ठेवतो. उलगडलं की गंजाची नक्षी उमटलेली असते. त्याचे झगे शिवतात.

काल सगळ्यांनी आपापलं जुनं लोखंड आणलं. माझ्याकडे आपल्या घराची किल्ली तेवढी होती. तिचा ठसा सगळ्यांत छान उठला. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "अशा आणखी आहेत?" म्हटलं, "एकच आहे."

किल्ली घासून, तेल लावून ठेवली आहे. दादा कुलूप बदलायचं म्हणतोय ना? बदलू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी